ड्रायरची कुळकथा

मृगाच्या सरी ओसरून आर्द्रा-पुनर्वसूची झड लागली म्हणजे यवतमाळ शहरातील घराघरांतून एक चमत्कारिक आवाज ऐकू येऊ लागतो. प्रथम धडधड, मग एक लांबलेले घोंघावणे आणि शेवटी पुन्हा धडधड होऊन एकदम शांतता. परगावाहून आलेल्या पाहुण्यास वाटावे की शेजारच्या घरी पिठाची चक्की बसविली आहे. परंतु ती चक्की नव्हे. धुलाईयंत्राच्या उजव्या अंगास जे एक अरुंद, खोल पिंप असते, ज्यास घरोघर 'ड्रायर' या नावाने ओळखतात, त्याचा तो आवाज. उन्हाळ्याचे चार महिने ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, ते यंत्र पावसाळ्यात मात्र दिवसातून चार-चार वेळा फिरते. आणि नेमके तेव्हाच ते कुरकुरते, खरखरते, कधी जागेवरून चालूही लागते. या आवाजाची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. तिचे धागे पॅरिसपासून पोफाळीपर्यंत पसरलेले आहेत.

वस्त्र धुणे आणि वस्त्र वाळविणे या दोन गोष्टी आपण एका दमात बोलतो. पण त्यांच्यामध्ये एक तिसरी क्रिया आहे, आणि ती सर्वांत कष्टाची. ती म्हणजे पिळणे. नऊवारी लुगडे किंवा जाड खादीचे धोतर विहिरीच्या काठी पिळावयाचे तर एका माणसाचे ते काम नव्हे. दोघींनी दोन टोके धरून उलट दिशांनी पीळ द्यावा, तेव्हा कोठे त्यातले पाणी निथळे. वऱ्हाडात परिटाचा धंदा करणारे लोक नदीच्या खडकावर कपडा आपटून धूत असत, आणि पिळण्याच्या श्रमाने त्यांच्या मनगटांना येणारा ताठरपणा हा त्या धंद्याचा ठसाच मानला जाई. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली याच परीट समाजात जन्मलेल्या गाडगेमहाराजांनी पुढे हातात खराटा घेऊन गावेच्या गावे स्वच्छ केली, हे सर्वश्रुत आहे.

पिळल्यानंतरचे काम सूर्यनारायणाकडे असे. यवतमाळचे वैशाखातले ऊन असे की दोरीवर टाकलेले धोतर दुसरे धोतर पिळून होईपर्यंत खडखडीत वाळावे. अडचण पावसाळ्याची. ओसरीत, माजघरात, स्वयंपाकघरात दोऱ्या बांधल्या जात आणि सर्व घरास ओल्या कपड्यांचा कुबट वास येई. ज्या घरात तान्हे मूल असे तेथे शेगडीत निखारे घालून, तिच्यावर वेताचे टोपले पालथे घालून, त्यावर दुपटी-लंगोट पसरले जात. कित्येक घरांतून एखाद्या दुपट्यास करपल्याचा पिवळा डाग पडे, क्वचित भोकही पडे.

गंमत अशी की विलायतेतील पहिल्या 'ड्रायर'ची कल्पना या पालथ्या टोपल्याहून फारशी निराळी नव्हती. इ. स. १८०० च्या सुमारास पोशाँ नावाच्या एका फ्रेंच माणसाने धातूचे, भोके पाडलेले एक पिंप केले. त्यात ओले कपडे घालावयाचे, पिंप विस्तवावर धरावयाचे आणि हाताने दांडा फिरवावयाचा. कपडे वाळत खरे, पण त्यांना धुराचा वास लागे, काजळी बसे आणि दैव फिरले तर ते पेटही घेत. पुढे १८९२ साली अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाने उघड्या विस्तवाऐवजी घरातील चुलाण्याच्या उष्णतेवर कपडे सुकविण्याच्या चौकटीचे पेटंट मिळविले. त्यानंतर नॉर्थ डाकोटा प्रांतातील रॉस मूर याने आपल्या आईचा हिवाळ्यातला त्रास पाहून एक फिरते पिंप तयार केले. अनेक वर्षे खटपट केल्यावर १९३८ साली ते एका कंपनीमार्फत बाजारात आले. गरम हवा खेळविणाऱ्या आजच्या पाश्चात्त्य ड्रायरचा वंश तो हा.

परंतु यवतमाळच्या घरात जे घोंघावते ते या वंशातले नाही, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. परदेशी पुस्तकात वाचून कोणी आपल्या ड्रायरमध्ये हीटर शोधू लागला तर त्यास तो सापडणार नाही. आपल्याकडील ड्रायर कपडे तापवीत नाही. तो ते पिळतो. त्यास खरे तर 'पिळणी' म्हणावयास हवे. त्याचे मूळ कारखान्यात आहे, घरात नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात पॅरिस येथे पेन्झोल्ट नावाच्या गृहस्थाने कापडगिरण्यांसाठी एक यंत्र काढले. भोकाचे पिंप उभ्या आसावर वेगाने फिरवावयाचे म्हणजे कापड पिंपाच्या भिंतीस दाबले जाते आणि पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते. गोफणीत दगड फिरविणाऱ्या राखणदाराच्या पोरास हे तत्त्व हातानेच कळते. त्या यंत्राचा लाभ लवकरच साखरेच्या धंद्यास झाला. साखरेचे कण आणि त्यांना चिकटलेली मळी ही वेगळी करण्यास याच जातीची फिरती पिंपे लागतात. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यातील पोफाळी येथे वसंत सहकारी साखर कारखाना उभा राहिला; त्यातील मळी वेगळी करणारी यंत्रे ही नात्याने घरातल्या ड्रायरची थोरली भावंडेच होत.

घरगुती यंत्रात ही युक्ती अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात आली. दोन पिंपे शेजारी शेजारी ठेवून एकात धुवावयाचे व दुसऱ्यात पिळावयाचे, ही मांडणी १९५० नंतरच्या काळात ब्रिटनमध्ये आणि जपानात रुळली. हिंदुस्थानात ती १९८० नंतरच्या दशकात सर्रास झाली. त्या काळी दूरदर्शनवरील जाहिरातींनी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉन कंपनीचे नाव खेड्यापाड्यांत पोहोचविले. ज्यात पाणी हाताने सोडावयाचे आणि कपडे एका पिंपातून दुसऱ्यात हाताने टाकावयाचे, ते अर्धस्वयंचलित यंत्र मराठवाडा-विदर्भाच्या शहरांस विशेष मानवले. नळास पाणी बेताचे. विजेचा भरवसा नाही. धुण्याचे साबणपाणी दुसऱ्या खेपेस वापरावयाची काटकसर प्रत्येक गृहिणीच्या अंगी. अशा घरास पूर्ण स्वयंचलित यंत्रापेक्षा हे अर्धे शहाणे यंत्रच अधिक सोयीचे.

आता त्या आवाजाकडे वळू. ड्रायरचे पिंप मिनिटास सुमारे साडेतेराशे फेरे घेते. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदास पन्नास वेळा हेलकावे खातो, आणि या जातीची मोटार मिनिटास पंधराशेच्या थोडे खाली फिरते, त्यामुळे हा आकडा येतो. पिंपाची त्रिज्या बारा सेंटिमीटर धरली तर भिंतीशी दाबलेल्या कपड्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ अडीचशे पट जोर पडतो. म्हणजे शंभर ग्रॅमचा एक ओला रुमाल जर एका बाजूस जास्त पडला, तर तो पंचवीस किलोच्या ओढीने पिंपास बाहेर खेचतो, आणि तेही सेकंदास बावीस वेळा दिशा बदलून! पंचवीस किलो म्हणजे गव्हाचे अर्धे पोते. ते गरगरा फिरत यंत्राच्या कुडास धक्के देत आहे असे डोळ्यांपुढे आणले, म्हणजे यंत्र जागेवरून का चालू लागते हे निराळे सांगावयास नको.

मग ते फिरताना मध्येच शांत कसे होते? हा प्रश्न साधा दिसतो, पण गेल्या शतकापूर्वीच्या मोठमोठ्या विद्वानांस तो सुटला नव्हता. १८६९ साली रँकिन या स्कॉटिश पंडिताने असे मत मांडले होते की फिरणाऱ्या आसाचा वेग एका विशिष्ट मर्यादेपर्यंत गेला म्हणजे त्याचे कंप अनावर होतात आणि त्या मर्यादेपलीकडे तो चालविता येणे शक्य नाही. दुधातून साय वेगळी करणारे यंत्र काढून नाव मिळविलेल्या स्वीडनच्या द लावाल याने हे मत प्रयोगाने खोटे पाडले. १८८९ च्या सुमारास त्याने आपल्या वाफेच्या चक्रास जाड आसाऐवजी मुद्दाम बारीक, लवचिक आस बसविला. आणि आश्चर्य असे की ती मर्यादा ओलांडल्यावर चक्र अधिकच स्थिर झाले. फिरणारी वस्तू तेव्हा आपल्या खऱ्या भारमध्याभोवती स्वतःच फिरू लागते. १९१९ साली जेफकॉट याने त्याचे समाधानकारक गणित मांडले. घरातील ड्रायरमध्ये मोटार तीन स्प्रिंगांवर टांगल्यासारखी बसविलेली असते, ती याच कारणासाठी. वेग चढताना एकदा आणि उतरताना एकदा पिंपास ती मर्यादा ओलांडावी लागते. त्या दोन्ही वेळी जी धडधड होते ती रोग नव्हे. ती प्रकृतीच आहे. मधल्या काळात धडधड चालू राहिली तर मात्र समजावे की काहीतरी बिघडले.

यंत्राचा आवाज ऐकून त्याची प्रकृती ओळखणे ही विद्या यवतमाळ जिल्ह्यास नवी नाही. कापूस हे येथील पीक, आणि कापसाबरोबर यंत्रे आली. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवीने वऱ्हाडच्या कापसास जगाच्या बाजारात भाव आणला. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला. आणि त्यानंतर ठिकठिकाणी सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. यवतमाळचा कापूस प्रथम बैलगाडीने सुमारे तीस मैल दूर असलेल्या धामणगाव स्टेशनावर जाई. पुढे मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत अरुंदमापी रेल्वे झाली, जिला लोक शकुंतला म्हणू लागले. जिनिंगच्या कारखान्यात एक लांबलचक आस छताशी वा जमिनीलगत फिरत असे आणि त्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनी रांगेतील प्रत्येक जीन चाले. अशा गदारोळात कोणता बेअरिंग कोरडा पडला हे फिटर ओळखीत ते पान्याचे किंवा पेचकसाचे टोक यंत्रास लावून आणि मूठ कानाशी धरून. वैद्याची नळी आणि फिटरचा पेचकस यांत तत्त्वतः भेद नाही. जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चाले, आणि पावसाळा हा दुरुस्तीचा काळ असे. घरच्या ड्रायरचे दुर्दैव असे की त्याचा हंगाम तोच पावसाळा. त्यास विश्रांती आणि दुरुस्ती यांचा मेळ कधी बसतच नाही.

दुरुस्तीने यंत्र किती जगते याचे उदाहरणही याच मातीत आहे. शकुंतलेच्या मार्गावर १९२१ साली मँचेस्टर येथे बनलेले वाफेचे इंजिन धावत असे. ते १९९४ साली निवृत्त झाले. सत्तर वर्षे एक यंत्र राबले, ते काही अमर धातूचे होते म्हणून नव्हे. त्याचा प्रत्येक भाग सुटा करता येत असे, आणि तो घडविणारे वा घासून बसविणारे हात जवळपास होते. ती गाडी आता बंद पडली आहे, पण हिशेब उरला आहे.

असाच एक हिशेब शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुढे ज्यांचे वास्तव्य झाले त्या महात्मा गांधींनी मांडला होता. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी पुष्कळांनी वाचलेल्या नसतात. चरखा झोपडीत चालवता यावा, एका स्त्रीस तो आठ तास चालविताना फार श्रम पडू नयेत, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, हे तर होतेच. पण त्यापुढे असेही म्हटले होते की वेळेवर निगा राखल्यास तो निदान वीस वर्षे न अडता चालावा, आणि दरसाल दुरुस्तीचा खर्च मूळ किमतीच्या शेकडा पाचाहून अधिक होऊ नये. म्हणजे वर्षास साडेसात रुपये! बक्षीस कोणासही मिळाले नाही. तथापि घरगुती यंत्र कसे असावे याची इतकी रोखठोक व्याख्या त्यापूर्वी क्वचितच कोणी केली असेल. आजच्या कोणत्याही विक्रेत्यास ही शेकडा पाचाची अट घातली तर तो दुकान बंद करून बसेल, असे म्हणावयास हरकत नाही.

घरचा ड्रायर मात्र, सुदैवाने, या कसोटीस अजून बऱ्याच अंशी उतरतो. त्याची रचना साधी आहे. खाली स्प्रिंगांवर मोटार, मोटारीच्या डोक्यावर ब्रेकची चकती, तिच्यावर कपलिंग, कपलिंगातून वर गेलेला आस, आणि आसावर भोकाचे पिंप. बाहेरील पिंपाच्या बुडातून आस जेथे वर येतो तेथे पाणी खाली झिरपू नये म्हणून भात्यासारखी घडीची एक रबरी टोपी असते. तिला बाजारात 'बेलो' म्हणतात. झाकणापासून एक तार ब्रेकपर्यंत गेलेली असते. झाकण मिटले की तार ताणली जाऊन ब्रेक सुटतो; उघडले की वीज तुटते आणि ब्रेक पिंपास धरतो. इतकेच काय ते यंत्र.

आवाजांचे प्रकारही या भागांइतकेच मोजके. पहिला आणि सर्वांत सामान्य तो धडधडीचा. त्यावर औषध पेचकस नव्हे. कपडे बाहेर काढून, मोकळे करून, गोलाकार सारखे दाबून बसवावेत आणि वर जाळीची चकती ठेवावी. चादर एकटी टाकल्यास ती एका अंगास गोळा होते. तिच्या जोडीस दोन-तीन लहान कपडे द्यावेत. यंत्राचे चारही पाय फरशीवर सारखे टेकले आहेत की नाही हे पाहावे. विदर्भातील न्हाणीघराच्या फरशीस मोरीकडे उतार असतोच, आणि त्या उतारावर उभे केलेले यंत्र जन्मभर लंगडते. रिकामे पिंपही धडधडत असेल तर मात्र तीन स्प्रिंगांपैकी एखादी तुटलेली वा निखळलेली असते. ती बदलताना तिन्ही बदलाव्यात. दोन जुन्या व एक नवी अशी तिकडी समतोल राहत नाही.

दुसरा आवाज टकटकीचा. तो बहुधा पिंप आणि बाहेरील भिंत यांच्यामध्ये पडलेल्या नाण्याचा, हुकाचा किंवा ब्लाउजच्या बटणाचा असतो. तिसरा आवाज घासण्याचा, सोबत रबर करपल्याचा वास. येथे ब्रेकची तार कालांतराने सैल पडून झाकण मिटल्यावरही ब्रेक पुरता सुटत नाही. तार किंचित ताणून बांधली की तो थांबतो. पण या 'किंचित' शब्दाकडे लक्ष द्यावयास हवे. अनेक घरांतून आवाज बंद करण्याच्या उत्साहात तार इतकी ताणली जाते की ब्रेक पुढे लागेनासाच होतो. आवाज जातो, घरातील मंडळी समाधान पावतात, आणि झाकण उघडल्यावरही पिंप भिरभिरत राहते. त्या भिरभिरत्या पिंपात लोंबणाऱ्या साडीचा पदर वा लहान मुलाचा हात अडकला तर मनगट पिरगळते, बोटे तुटतात. म्हणून तार बांधल्यावर रिकामे यंत्र चालवून, झाकण उघडून, पिंप दोन-चार सेकंदांत थांबते याची खात्री केल्याखेरीज दुरुस्ती झाली असे म्हणू नये. गोंगाट करणारा ड्रायर परवडला, न थांबणारा परवडत नाही.

चौथा आवाज तो खरा रोगाचा. वेगाबरोबर चढत जाणारा, कण्हल्यासारखा. बेलो फाटला म्हणजे साबणाचे पाणी थेंबथेंब मोटारीवर गळते, तिच्या बेअरिंगमधील वंगण धुऊन नेते आणि गंज चढवते. परीक्षा सोपी आहे. भिंतीतील प्लग काढून ठेवावा, मागचा पत्रा उघडावा, झाकण मिटलेले ठेवावे म्हणजे ब्रेक सुटलेला राहील, आणि कपलिंग हाताने सावकाश फिरवावे. ते मुकाट्याने फिरले तर ठीक. बोटांना वाळू चुरडल्यासारखे लागले तर बेअरिंग गेले. आस बाजूस हलत असेल तर बेलोमधला बुश झिजला. अशा वेळी कित्येकजण वरून खोबरेल ओततात. खोबरेल थंडीत थिजते, धूळ धरते. आणि खनिज तेल टाकावे तर रबर फुगते. ब्रेकवर एक थेंब जरी गेला तरी तो घसरतो. येथे बेलो आणि बेअरिंग दोन्ही नवी घालणे हाच मार्ग. केवळ बेअरिंग बदलून फाटका बेलो तसाच ठेवणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी अंथरणे होय. उघडलेल्या यंत्रात उंदराने कुरतडलेली तार दिसण्याचा संभवही मोठा आहे. खालचा पत्रा निखळला असेल तर तो आधी बसवावा.

मोटार नुसती गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा बहुधा कपॅसिटर क्षीण झालेला असतो. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. हा भाग विजेचे काम जाणणाऱ्यानेच हाताळावा. येथे धाडसाचे कौतुक नाही.

या सर्व भागांची किंमत नव्या यंत्राच्या मानाने अगदीच थोडी. खरी अडचण निराळी आहे. ज्या कंपन्यांची यंत्रे घराघरांत आहेत त्यांतल्या काही कंपन्याच उरलेल्या नाहीत. व्हिडिओकॉन २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली, पण तिची यंत्रे अजून अनेक न्हाणीघरांत फिरत आहेत. नव्या यंत्रांत जेथे साधे फिरते बटण होते तेथे विद्युत्-पाटी आली आहे. ती बिघडली तर मिस्त्रीचा कान निरुपयोगी ठरतो. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'संबंधी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, त्यासाठी संकेतस्थळ उघडले. शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी, मोटारगाड्या यांबरोबर घरगुती यंत्रे त्या विचारात घेतली गेली. उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती व सुटे भाग ग्राहकास उपलब्ध करावेत, हा त्याचा आशय. चरखा संघाच्या अटींनंतर त्र्याण्णव वर्षांनी हाच विषय पुन्हा सरकारी कागदावर आला.

तोपर्यंत सुट्या भागांच्या दुकानातील व्यवहार जुन्याच रीतीने चालतो. यंत्राचे नाव आणि सन सांगून तेथे काम होत नाही, कारण बाहेरून सारखे दिसणारे बेलो आतल्या भोकाच्या मापात भिन्न असतात आणि आसही निरनिराळ्या जाडीचे येतात. जुना भाग पुसून, कागदात गुंडाळून बरोबर न्यावा लागतो. दुकानदार तो नव्याशेजारी ठेवून मापतो, बोट घालून पाहतो, आणि जुळला तरच देतो.